डेल्फ्टमध्ये एकट्याने एक दिवस: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टबद्दल लिहिलं होतं, की अॅमस्टरडॅमला जाणाऱ्याने मधला एक दिवस काढून या छोट्या गावात एकट्याने जावं, कालव्याकडेने आरामात भटकावं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यावं. त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळची पानं त्यातच जाणार. काही जणांनी तर सकाळी ८ ते रात्री ८ चं टाइमटेबल मागितलंय, आता काय बोलावं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कोणाचंच नाव टाकलेलं नाही.

प्रश्न: ताई, ऑफिसच्या कामाने अॅमस्टरडॅमला चाललोय, मध्ये एक दिवस मोकळा आहे. टीममधले सगळे ट्युलिपच्या बागा बघायला जाणार, मला गर्दी झेपत नाही म्हणून तुमचं डेल्फ्ट डोक्यात आहे. एका दिवसात काय काय कव्हर होईल याची लिस्ट द्याल का? आणि एकटा असल्यावर बोअर नाही ना होणार?

उत्तर: लिस्ट नाही देणार, रागावू नका, कारण सांगते. डेल्फ्टचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे चित्रकार व्हर्मीर. १६३२ साली तिथे जन्मला, १६७५ ला तिथेच गेला, जे काही काढलं ते तिथेच बसून काढलं, आणि आज त्या अख्ख्या गावात त्याचं एकही मूळ चित्र नाहीये. जगात मिळून जेमतेम ३५-३६ चित्रं उरलीत त्याची. मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी द हेगच्या माउरित्सहाउस म्युझियममध्ये आहे, दूध ओतणारी बाई अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, आणि डेल्फ्टच्या व्हर्मीर सेंटरमध्ये सगळ्या कॉप्या. म्हणजे ज्याच्या नावाने लोक येतात तेच तिथे बघायला मिळत नाही, आणि मला विचाराल तर त्या गावाचा हाच मोठा फायदा आहे, कारण 'एवढं गेलास आणि ते नाही बघितलंस?' असं परत आल्यावर कोणी विचारू शकत नाही. सगळा दिवस तुमचा.

आता जायचंच तर स्टेशनपासूनच सुरू करा. वरती बघा फक्त. २०१५ मध्ये उघडलेली नवी इमारत आहे आणि तिच्या छतावर १८७७ चा डेल्फ्टचा नकाशा आहे, निळ्या-पांढऱ्यात, पट्ट्या-पट्ट्यांचा, त्यामुळे एका जागी उभं राहून नीट दिसत नाही, चालत चालत जुळतो तो. आणि त्याच्याखालून येणारे निम्मे टुरिस्ट मान खाली घालून फोनमधला मॅप शोधत असतात, ही गंमत बघायला ५ मिनिटं थांबा. तिथून १०-१५ मिनिटं चाललं की मार्क्ट, म्हणजे गावाचा मुख्य चौक, लांबच लांब. एका टोकाला नगरपालिकेची इमारत, दुसऱ्या टोकाला नीवे केर्क म्हणजे नवं चर्च. नवं म्हणायचं खरं पण मनोरा १४९६ मध्ये पुरा झालाय. उंची जवळजवळ १०९ मीटर, देशात यापेक्षा उंच चर्चचा मनोरा एकच, उत्रेख्तचा. वर चढता येतं, साडेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, गोल, अरुंद, वरून उतरणारा समोर आला की दोघांनाही भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. गुडघे चांगले असतील तर जा, नसतील तर काही बिघडत नाही.

दोन चर्चपैकी एकालाच वेळ द्यायचा असेल तर माझं मत आउदे केर्कला, म्हणजे जुन्या चर्चला. त्याचा ७५ मीटरचा मनोरा जवळजवळ २ मीटर कललाय, शेजारच्या कालव्यावरच्या पुलावरून बघितलं की आपल्यालाच चक्कर आल्यासारखं होतं. व्हर्मीर याच चर्चमध्ये पुरलाय, आत जमिनीत त्याच्या नावाची फरशी आहे. पुतळा नाही, काही नाही, पायाखालची फरशी, आणि बरेच लोक ती ओलांडून पुढे जाऊन मग मागे वळून शोधतात. त्याच चर्चमध्ये लेव्हेनहूक पुरलाय, तोच तो, ज्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्याच्या थेंबातले वळवळणारे जीव पहिल्यांदा बघितले. धंद्याने कापडवाला होता. आता बघा, हे दोघं एकाच गावचे, १६३२ मध्ये दोघांचा बाप्तिस्मा त्या नव्या चर्चमध्ये झाला, मध्ये फक्त ४ दिवसांचं अंतर, आणि व्हर्मीर कर्ज आणि डझनाला एक कमी एवढी पोरं मागे ठेवून गेला तेव्हा त्याच्या मालमत्तेचा कारभार बघायला गावाने लेव्हेनहूकलाच नेमलं. पण दोघांची ओळख होती, मैत्री होती, असं सांगणारा एकही कागद सापडलेला नाही. एवढ्याशा गावात! रोज एकाच चौकातून जात असणार. एक आयुष्यभर भिंगातून बघत बसला, दुसरा खिडकीतून येणारा उजेड बघत बसला. मी तर चर्चमधल्या बाकावर बसून याच्यावरच विचार करत राहते, आणि बरोबर कोणी असेल तर ते होत नाही, कारण १० मिनिटांत समोरचा म्हणतो 'चला, पुढे काय?'

बोअर व्हाल का विचारलंत. व्हाल, थोडे व्हाल. ऑफिसमधून थेट आलेल्या माणसाला पहिले दोन तास तसंच होतं, हात सारखा खिशाकडे जातो. त्यात काही चुकत नाहीये. पुढे जेवणाच्या आसपास ते आपोआप उतरतं.

प्रश्न: तुला ताई लिहितेय पण माझ्या मुलीच्या वयाची असशील. माझी लेक आणि जावई रॉटरडॅमला असतात, दोघंही ऑफिसला गेले की मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात एकटी. वय ६३. इंग्रजी समजतं पण बोलताना अडखळते. डेल्फ्ट जवळ आहे असं लेक म्हणते पण एकटीला सोडायला घाबरते, मीही घाबरते. जमेल का गं?

उत्तर: काकू, जमेल. रॉटरडॅम सेंट्रलवरून गाडीने १०-१५ मिनिटं फक्त, आणि दिवसभर गाड्या इतक्या आहेत की एक चुकली तर धावायचं नाही, बाकावर बसायचं, दुसरी येते. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, रॉटरडॅमकडून जाताना आधी 'डेल्फ्ट कॅम्पस' नावाचं स्टेशन लागतं, तिथे काही गाड्या थांबतात, नाव ऐकून उतरू नका, ते गावाबाहेर विद्यापीठाच्या बाजूला आहे. आपल्याला नुसतं 'डेल्फ्ट' हवंय, आणि ते जमिनीखाली आहे, म्हणजे गाडी बोगद्यात शिरली की उठायची तयारी करायची.

तिकिटासाठी मशीनशी झटापट करायची गरज नाही. तिथे २०२३ पासून सगळ्या गाड्या-ट्राम-बसमध्ये बँकेचं कार्डच टेकवून जाता येतं, आत जाताना एकदा टेकवायचं, बाहेर येताना त्याच कार्डाने परत टेकवायचं. तेच कार्ड हं, जाताना एक आणि येताना दुसरं केलं तर हिशोब बिघडतो आणि जास्तीचे पैसे कापले जातात. बाहेर पडताना टेकवायला विसरलात तरी तेच. लेकीला सांगा कार्डावर इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही सुरू करून दे, आणि एकदा रविवारी तिच्याबरोबर रॉटरडॅममध्येच दोन-तीन स्टेशनं टेकवून बघा, म्हणजे त्या गेटची भीती जाईल. खरी भीती त्या गेटचीच असते, गावाची नसते.

इंग्रजीचं टेन्शन घेऊच नका. तिथे दुकानदारापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे इंग्रजी बोलतात, आणि तुम्ही तुटक बोललात तर उलट हळू बोलतात. दुकानात शिरताना 'हॅलो' म्हणायचं, निघताना 'डांक यू वेल', एवढ्यावर दिवस निघतो.

आता सावध कुठे राहायचं ते सांगते. चोरबीर सोडा, मोठा धोका सायकलींचा. लालसर रंगाचा रस्ता दिसला की तो सायकलींचा, त्याच्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही, कारण ती मंडळी वेगात असतात आणि घंटी वाजवली म्हणजे 'बाजूला व्हा' असंच म्हणतात, थांबतीलच असं नाही. आणि कालव्यांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. रस्ता संपतो, पाणी सुरू. त्यामुळे फोन बघायचा असेल तर आधी थांबायचं, मग बघायचा. दगडी फरसबंदी उंचसखल आहे, चप्पल नको, बूट घाला.

बाथरूमचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मला माहितीये तो मनात असणार, सगळ्यांच्याच असतो. स्टेशनवर असतं, पैसे पडतात, कार्ड चालतं. नाहीतर कॅफेत एक कॉफी घ्या की झालं. आणि एक छान जागा म्हणजे तिथलं सार्वजनिक वाचनालय, डोक नावाचं, गावातच आहे, आत कोणीही जाऊन बसू शकतं, पावसात तर फारच सोयीचं. खिडकीजवळची खुर्ची धरायची, चित्रांची पुस्तकं घ्यायची, कोणी उठवत नाही.

पहिल्या दिवशी तीन तासच जा. जेवणाआधी घरी. मग पुढच्या वेळी तुम्हीच लेकीला सांगाल की मला उशीर होईल.

प्रश्न: कुठल्या वारी जाणं चांगलं? मला फक्त सोमवार मोकळा मिळतोय.

उत्तर: नेमका सोमवार! सोमवारी सकाळी तिथली बरीचशी दुकानं बंद असतात, दुपारी कधीतरी उघडतात, आणि देशभरातली कितीतरी म्युझियम्सही सोमवारी बंद. अर्थात हे कोणाला वाईट वाटेल, कोणाला बरं. रस्ते रिकामे, कालव्याकाठी तुम्ही आणि बदकं. खरेदी करायची नसेल तर सोमवार खरंच चांगला, फक्त आत जाऊन बघायच्या जागा चालू आहेत का ते आदल्या दिवशी वेबसाइटवर बघून घ्या. प्रिन्सेनहोफ म्युझियमचं तर मुद्दाम बघा. १५८४ मध्ये १० जुलैला डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याला तिथे जिन्याजवळ गोळ्या घातल्या, भिंतीतली भोकं अजून काचेआड जपून ठेवलीत, पण नूतनीकरणाच्या कामामुळे दार बंद असेल तर हिरमोड होतो. मागचं आगाथाप्लाइन नावाचं आवार मात्र झाडांखाली बसायला फार छान आहे.

बाकीच्यांसाठी: गुरुवार बाजाराचा दिवस. मार्क्टवर सकाळपासून ठेले लागतात, चीज, मासे, कापडं, सायकलचे पार्ट, शिवाय जवळच कालव्याकाठी फुलांचा बाजार. गर्दी असते पण ती गावाची गर्दी असते, पिशव्या घेऊन आलेल्या आज्ज्यांची, तिचा त्रास होत नाही. शनिवारी उन्हाळ्यात कालव्यांच्या कडेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तो मला जास्त आवडतो, पण तेव्हा टुरिस्टही बरेच. रविवारी दोन्ही चर्च प्रार्थनेसाठी, बघायला येणाऱ्यांसाठी बंद.

आणि महिना बघा. डिसेंबरात उजाडायलाच पावणेनऊ वाजतात आणि साडेचारला अंधार, म्हणजे दिवस हातात ७-८ तासांचा. जूनमध्ये उलट, रात्री १० पर्यंत उजेड, इतका की जेवायची वेळ झाली हेच कळत नाही.

प्रश्न: मी शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. आणि दुसरं म्हणजे हॉटेलात एकट्याने टेबल धरून बसायला मला फार अवघडल्यासारखं होतं, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. काय करू?

उत्तर: दुपारच्या जेवणाचं तिथे फार काही नसतंच, हे एक बरंय. डच लोक दुपारी ब्रेड खातात. चीज घातलेला ब्रेड, तोच गरम करून दिला की तोस्ती, नाहीतर सूप. सूप घेताना विचारा, भाज्यांच्या म्हणवणाऱ्या सुपातही मांसाचं पाणी किंवा बारीक गोळे असू शकतात. अंडं नको म्हणालात तर पॅनकेक, पोफर्ट्येस म्हणजे छोटे फुगीर पॅनकेक, बरेचसे केक हे सगळं बाद, हे आधीच सांगते, नाहीतर बाकीचे सगळे तुम्हाला 'अॅपल पाय खाल्ला का' विचारून हैराण करतील. सुपरमार्केटमध्ये शिरा, ब्रेड, चीज, टोमॅटो, दही, फळं घ्या, नळाचं पाणी थेट पिण्यासारखं असतं तेव्हा बाटली भरून घ्या, आणि बेस्टनमार्क्टच्या झाडांखाली किंवा ओस्टपोर्टला जाऊन खा. ओस्टपोर्ट म्हणजे गावाची उरलेली एकमेव वेस, १४०० च्या आसपासची, दोन टोकदार बुरूज, समोर पांढरा उचलता येणारा पूल. मार्क्टपासून चालत १०-१२ मिनिटंच, पण तेवढ्यानेच निम्मे टुरिस्ट गळतात.

अवघडलेपणाचं म्हणाल तर तिथे कोणी बघत नाही हो. एकटा माणूस कॉफी आणि वर्तमानपत्र घेऊन तासभर बसलाय हे तिथलं रोजचं दृश्य आहे. आतल्या मधल्या टेबलाऐवजी बाहेरची किंवा खिडकीची खुर्ची घ्या, तोंड रस्त्याकडे, म्हणजे आपण बघणारे होतो आणि ते लोक दिसणारे. आणि हो, खिशात नुसती रोकड ठेवून जाऊ नका, बऱ्याच कॅफेत आणि दुकानांत रोख घेतच नाहीत.

प्रश्न: एकटीने फिरायला आवडतं असं सगळ्यांना सांगते, स्टेटसही टाकते, पण खरं सांगू का, दुपारचे दोन-तीन वाजले की मला कसंतरीच व्हायला लागतं. सगळे जोडीने नाहीतर ग्रुपने बसलेले असतात. मग मी फोन काढते आणि रील्स बघत बसते, आणि मग वाटतं की यासाठी एवढे पैसे घालून आले का? हे फक्त मलाच होतं का?

उत्तर: नाही, सगळ्यांना होतं, जे नाही म्हणतात ते स्टेटस टाकतात. (चिडू नका, तुम्हीच आधी कबूल केलंत म्हणून म्हटलं.)

तीनच्या सुमाराला येतं ते निम्मं तरी एकटेपण नसतंच, ते पाय असतात. सकाळपासून दगडावर चाललेलं, धड जेवलेलं नाही, पाणी प्यायलेलं नाही. आधी बसा, गरम काहीतरी प्या, मग ठरवा उदास आहात का ते. उरलेलं निम्मं खरं असतं आणि त्यावर माझा उपाय असा, की दुपारसाठी एक काम राखून ठेवायचं. सकाळी नुसतं भटकणं चालतं, दुपारी मनाला काहीतरी धरायला लागतं.

डेल्फ्टमध्ये त्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, व्हर्मीरच्या एका चित्रातली गल्ली शोधायला जाणं. 'छोटी गल्ली' म्हणून त्याचं चित्र आहे, विटांचं घर, दारात शिवत बसलेली बाई, बाजूला एक बोळ. हे घर नेमकं कुठलं यावर लोकांनी शंभराहून जास्त वर्षं डोकं खाजवलं. मग २०१५ मध्ये एका डच कला-इतिहासकाराने १६६७ चं एक जुनं करवहीचं बाड काढलं, कालव्याकाठच्या प्रत्येक घरमालकाने गाळ काढण्यासाठी किती पैसे द्यायचे याची नोंद, आणि त्यात घरांची रुंदी दिलेली, बोळांचीसुद्धा. त्या मापांवरून त्याने ठरवलं की ही जागा म्हणजे आजचं फ्लामिंगस्त्रात ४० आणि ४२. आणि तिथे राहत कोण होतं तर व्हर्मीरची सावत्र आत्या! विधवा बाई, वजडी विकून पोरं वाढवली, त्या बोळालाही वजडीवरूनच नाव पडलेलं. सगळ्या तज्ज्ञांना हे पटलेलं नाही, आणि आज तिथे चित्रातलं घर उभंही नाही, नंतरची घरं आहेत, बोळ तेवढा आहे. पण फोनवर ते चित्र काढून (आता फोन काढलात तरी चालेल) पलीकडच्या काठावर उभं राहायचं आणि जुळवत बसायचं, बोळ कुठे, दार कुठे, विटांचा रंग कसा. अर्धा तास कसा जातो कळत नाही, आणि शेजारून जाणाऱ्या कोणालाच माहीत नसतं की तुम्ही काय बघताय.

दुसरी, गावाच्या दक्षिणेला होइकाडे म्हणून पाण्याकाठची जागा आहे. 'डेल्फ्टचं दृश्य' हे चित्र ज्या बाजूने काढलंय ती ही बाजू. १६६०-६१ च्या सुमाराचं चित्र. पुढे काळा ढग, त्याच्या सावलीत वेशी आणि बोटी, आणि लांब मागे नव्या चर्चचा मनोरा तेवढा उन्हात. त्या वेशी १९ व्या शतकात पाडल्या, मनोऱ्याचं वरचं टोकही १८७२ च्या आगीनंतर नवं बांधलेलं, त्यामुळे चित्रासारखं काही दिसेल या आशेने जाऊ नका. पाणी आहे, ढग आहेत, बाक आहे. पण मूळ चित्र द हेगमध्ये आहे, डेल्फ्टपासून गाडीने १० मिनिटांच्या आसपास, तेव्हा आदल्या दिवशी ते बघून आलात तर होइकाडेला बसून काय काय गेलं आणि काय राहिलं ते तुमचं तुम्हाला ओळखता येतं. त्या चित्रासमोर जाऊन उभं राहिल्यावर मात्र घाई करू नका. पाण्याजवळच्या बोटीच्या अंगावर रंगाचे बारीक बारीक ठिपके आहेत, ओल्या लाकडावर उजेड चमकतो तसे, ते छापील कॉपीत येतच नाहीत.

एवढं करूनही कसंतरी वाटलं तर सरळ चारची गाडी पकडून परत जा. एकट्याने जाण्याचा हाच तर फायदा, कोणाची परवानगी घ्यायची नसते.

प्रश्न: कालव्यांवरून बोटीने फिरायचं की चालत? आणि ती आतली छोटी आवारं, जिथे म्हाताऱ्या बायका राहायच्या असं तुम्ही लिहिलं होतं, तिथे आत जाऊ देतात का?

उत्तर: चालतच. बोट वाईट नाही पण गावाचा मधला भाग २० मिनिटांत या टोकाचा त्या टोकाला पार होतो, त्याला बोट कशाला.

ती आवारं म्हणजे होफ्ये. जुन्या काळी पैसेवाल्यांनी गरीब एकट्या बायकांसाठी, जोडप्यांसाठी बांधून दिलेली छोटी घरं, मधे बाग, बाहेरून एकच दरवाजा. दिवसा तो दरवाजा उघडा असला तर आत जाता येतं, पण आजही तिथे लोक राहतात हे विसरायचं नाही. खिडकीतून डोकावायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, ग्रुपने तर जायचंच नाही. म्हणून म्हणते ही एकट्याचीच जागा आहे. दरवाजा बंद असला तर ढकलून बघायचा नाही, पुढे निघायचं.

प्रश्न: डेल्फ्टऐवजी खीतहोर्न केलं तर? रील्समध्ये फार शांत दिसतं.

उत्तर: रील्समध्ये. दुपारी १२ ला तिथल्या कालव्यात भाड्याच्या बोटी एकमेकींवर आपटत असतात. शिवाय अॅमस्टरडॅमहून गाडी आणि बस मिळून दोन तासांच्या आसपास तरी जातातच. मुक्काम करणार असाल, म्हणजे संध्याकाळी टुरिस्ट बसेस गेल्यावर आणि सकाळी त्या यायच्या आधी, तर जरूर जा. एका दिवसात जाऊन येऊन शांतता पाहिजे असेल तर लायडन बघा, १५७५ पासूनचं विद्यापीठ, १५९० ची वनस्पती बाग, आणि होफ्ये डेल्फ्टपेक्षा कितीतरी जास्त. किंवा खाउडा, चीजवालं. तिथलं चर्च देशातलं सगळ्यात लांब, १२३ मीटर, आणि रंगीत काचा अशा की ऊन पडेपर्यंत थांबून राहावं.

प्रश्न: स्खिपोल विमानतळावर माझा ९ तासांचा ट्रान्झिट आहे. डेल्फ्ट होईल?

उत्तर: शेंगेन व्हिसा असेल तर होईल, नसेल तर विमानतळाबाहेरच पडता येणार नाही, विषय संपला. असेल तर थेट गाडीने ४० मिनिटांच्या आसपास लागतात. पण ९ तासांतून उतरणं, इमिग्रेशन, परत येऊन सिक्युरिटी हे सगळं वजा केलं की हातात ३-४ तास राहतात, आणि त्यात घड्याळच बघत बसाल. लेव्हेनहूकसारखा थेंबभर बघण्यात रमणारा स्वभाव असेल तर जा. मी असते तर जवळच्या हार्लेमला गेले असते.

प्रश्न: ती निळी-पांढरी भांडी घ्यायची आहेत. चौकातल्या दुकानात मॅग्नेटपासून मोठ्या फुलदाणीपर्यंत सगळं 'डेल्फ्ट ब्लू' म्हणूनच विकतात. खरं कुठलं हे कसं ओळखायचं?

उत्तर: 'डेल्फ्ट ब्लू' असं कोणीही लिहू शकतं, त्याला अडवणारं कोणी नाही, त्यामुळे छापील डिझाइनचं स्वस्त सामानही त्याच नावाने मिळतं. हाताने रंगवलेलं ओळखायचं तर भांडं उजेडात धरून निळा रंग बघा. हाताच्या कामात एकाच रेषेत गडद-फिकट होत जातं, ब्रश टेकवला तिथे दाट आणि उचलला तिथे विरळ. छापलेल्यात बारीक ठिपके दिसतात किंवा सगळीकडे एकसारखा निळा. मग उलटं करा. रॉयल डेल्फ्टच्या हातकामाच्या वस्तूखाली छोट्या बरणीचं चिन्ह, त्याखाली जे आणि टी अक्षरं एकात एक गुंतवलेली, मग 'डेल्फ्ट' असं तिरकं लिहिलेलं, आणि रंगवणाऱ्याची आद्याक्षरं.

हा कारखाना १६५३ चा. त्या काळी गावात तीसेक कारखाने होते. चीनमध्ये यादवी माजली आणि तिकडून येणारी पोर्सेलिनची भांडी अडली, तेव्हा इथल्या कुंभारांनी तसं दिसणारं काहीतरी बनवायला घेतलं, पांढऱ्या कथिलाच्या ग्लेझवर निळी नक्षी. त्या सगळ्यांतला १७ व्या शतकापासून चालू असलेला हा एकच उरलाय. गावाच्या मध्यापासून १५-२० मिनिटं चालत, आणि काम करणारे कारागीर समोर बसलेले दिसतात. रंग लावताना तो काळाच असतो हं, कोबाल्टचा, भट्टीतून आल्यावर निळा होतो, म्हणजे रंगवणाऱ्याला कुठलं निळं किती गडद येणार हे काळ्यावरूनच ओळखावं लागतं. तुम्हाला स्वतःला एखादी टाइल रंगवून बघायची असेल तर तशी वर्कशॉप्सही असतात, आधी बुकिंग करा, आणि ती भाजायला लागते त्यामुळे लगेच हातात मिळत नाही, नंतर कशी घ्यायची ते पैसे भरायच्या आधीच विचारा.

बजेट कमी असेल तर नवं मोठं काही घेण्यापेक्षा शनिवारच्या जुन्या बाजारात एखादी सुटी टाइल शोधा. टवका गेलेली असली तर भाव करता येतो. बॅगेत ठेवताना मोज्यात गुंडाळा, कपड्यांच्या मधोमध, आणि शक्यतो केबिन बॅगेतच.